कोकमावर कॉर्केज

१७ जून २०१५, बुधवार

केलं. करायला नको होतं, पण केलं. निशिकांतची वाइनची बाटली उघडली, रिकामी केली, आत आईचं कोकम सरबत भरलं आणि बाटली होती तशी बंद करून ठेवली.

घरात कोणी नव्हतं. दुकानात सांगितलं पोट बिघडलंय. आमचा मालक अंकल टॅन म्हणाला, ‘अय्या, अगेन आ?’ दोन वर्षं सेरंगूनला त्याच्याकडे फोन रिपेअर करतोय, तेवढ्यात माझं पोट आठ वेळा बिघडलंय.

पण दुकानात शिकलेलं वाया जात नाही! हीट गनने बाटलीच्या गळ्यावरचं टोपण गरम केलं, अख्खं सरकून हातात आलं. मग स्क्रीन उघडायच्या दोन पातळ पट्ट्या कॉर्कच्या दोन्ही बाजूंनी आत घातल्या. हळूहळू फिरवत वर ओढल्या. पुक्! कॉर्कला भोक नाही, ओरखडा नाही. आयफोनपेक्षा सोपं.

वाइन सिंकमध्ये ओतणार होतो. जिवावर आलं. महागाची आहे म्हणे. आईची कोकमाची एक बाटली संपत आलेली, तळाचं सगळं घट्ट सरबत मी पाणी घालून वापरलं, त्याच बाटलीत वाइन भरली आणि कपाटात सगळ्यात मागे सारली. पुढेमागे मित्रांबरोबर पिऊ. दोन घोट जास्त झाले ते प्यायलो. कडू. एवढ्यासाठी लोक मरतात?

का केलं ते पण लिहितो. इथे खोटं लिहून काय करू.

अनघाचं लग्न ठरलं. माझी बहीण. निशिकांतशी. तो पुण्याचा, इथे बँकेत मॅनेजर, सेंगकांगला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. वागायला चांगला आहे, हाच तर त्रास! आई त्याला निशिकांतराव म्हणते. मला गाढवा म्हणते. तो आला की नवीन बेडशीट. बाबा त्याला शेअर विचारतात, मला विचारतात ‘लाइट कोणी चालू ठेवला?’

ते पण चाललं असतं. पण अनघा माझी पार्टनर होती. लिफ्टमध्ये ‘आज नाचणाऱ्यांनाच प्रवेश’ असा कागद आम्ही दोघांनी चिकटवला होता, खाली आपल्या ब्लॉकचा नंबर वगैरे टाकून. तिसऱ्या मजल्यावरची आजी खरंच नाचली होती. कोणी फसलं की अनघा स्वतःचा डावा कान ओढायची. ती आमची खूण. गेल्या सहा महिन्यांत तिने एकदाही कान ओढला नाही. फोनला चिकटलेली असते. मी विनोद केला की म्हणते, ‘हो का? हे निशीला सांगते.’

माझा विनोद. निशीला!

मग गेल्या रविवारी तो आला ती बाटली घेऊन. शुक्रवारी आम्ही सगळे क्रूझवर चाललोय, तीन रात्री, पेनांगला जाऊन परत. दोन्ही घरची माणसं. त्याचे आईवडील पुण्याहून आलेत. त्याने जहाजवाल्यांचे नियम फोनवर उघडून वाचून दाखवले, सत्यनारायणाची पोथी वाचावी तसे. माणशी एकच बाटली. साडेसातशे मिलीच. फक्त वाइन, कडक दारू आणली तर काढून घेतात आणि उतरताना देतात. पहिल्या दिवशी चढतानाच आणायची, सीलबंद, हातातल्या बॅगेत. केबिनमध्ये प्यायलात तर फुकट. जेवणाच्या हॉलमध्ये उघडलीत तर कॉर्केज.

आई म्हणाली, ‘कॉर्केज म्हणजे?’

म्हणजे बाटली आपली, उचलून आणायची आपण, आणि बूच काढायचे पैसे त्यांना. हे मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

बाबा खूश. ‘माणशी एक म्हणजे सात की रे! सारंगसुद्धा एकवीसचा आहे, कागदोपत्री.’ सारंग म्हणजे मी.

‘एकच पुरे बाबा. टोस्टपुरती,’ निशिकांत म्हणाला. आणि बाटली आईच्या हातात देऊन, ‘तुमच्याकडेच राहू दे. माझ्याकडे नको.’

मुद्दाम! आमच्या घरात रोज दिसावी म्हणून. आई तिला देवासारखी पुसते.

तर बघूच. सगळ्यांसमोर तो ग्लास नाकाशी धरेल, फिरवेल, आणि तोंडात येईल कोकम. अनघाला हसू आवरणार नाही. ती कान ओढेल. मला एवढंच पाहिजे.

१८ जून

बाबा दोनदा बाटली उजेडात धरून बघून आले. ‘रंग बघ काय आहे!’

रंग रत्नागिरीचा आहे, बाबा.

१९ जून, शुक्रवार. जहाजावर

मरत मरत वाचलो. सामान तपासणीला बाटली काढायला लावली. युनिफॉर्मवाल्या बाईने ती उलटी केली. तळाचा गाळ वर तरंगायला लागला! कोकमाचा गाळ.

ती म्हणाली, ‘समथिंग इनसाइड, सर.’

निशिकांतने वाकून बघितलं. ‘सेडिमेंट. गुड वाइन हॅज सेडिमेंट.’ एवढ्या ठसक्यात की बाईने मान डोलावली, केबिन नंबरचं स्टिकर लावलं आणि सोडली. बाबा माझ्या कानात, ‘शीक जरा. याला म्हणतात नॉलेज.’

मी शिकलो.

निशिकांतचे वडील, मनोहरकाका, कमी बोलतात. खिशात बडीशेपेची डबी, सारखी चालू. लायनीत मलाही दिली. बाटली तपासत होते तेव्हा ते तिच्याकडे बघतच नव्हते. दुसरीकडेच, पाण्याकडे. माझ्यासारखेच, म्हटलं. यांनाही मुलाच्या शायनिंगचा कंटाळा आला असेल.

डेकवर अनघा आणि तो रेलिंगला टेकून उभे. मी गेलो तर दोघं गप्प झाले. मी आलो म्हणून अनघा गप्प होते! चार वर्षांची असताना माझ्याशिवाय शी करायला जात नव्हती, असं मी लिहिणार होतो, पण ती मोठी आहे, मीच जात नव्हतो.

२० जून, शनिवार

झालं! पण मला पाहिजे तसं नाही. नीट लिहितो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

जेवायला सात वाजता. पांढरे टेबलक्लॉथ, तीन तीन काटे. वेटरने बाटली आणली, टोपण कापलं, स्क्रू घातला. कॉर्केजच्या कागदावर निशिकांतने सही केली. जगात पहिल्यांदा कोणीतरी कोकमावर कॉर्केज भरलं!

वेटरने कोणाला विचारलंच नाही, सातही ग्लास भरले. मेधाकाकू, म्हणजे निशिकांतची आई, पटकन म्हणाली, ‘यांना नको हं, यांना अ‍ॅसिडिटी आहे.’

बाबा कसले ऐकतायत! ‘अहो वहिनी, मुलाच्या लग्नाचा टोस्ट! घोटभर घ्या मनोहरराव. आमच्या मुलीचा मान ठेवा.’

मनोहरकाकांनी ग्लास उचलला. म्हणाले, ‘आजच्या दिवस. एक.’

मी निशिकांतकडे बघत होतो. तो पांढरा पडला होता. ग्लास फिरवला नाही की नाकाशी धरला नाही. वडिलांकडे बघत बसला. अनघाने टेबलाखाली त्याचा हात घट्ट धरला होता, मला दिसला. मला वाटलं यांना कळलं! आपण संपलो!

काका प्यायले. थांबले. परत एक घोट घेतला. आणि हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं. म्हणाले, ‘फार छान आहे. निशी, अजून दे.’ गटागटा. निशिकांतचं तोंड बघवत नव्हतं.

मग तो स्वतः प्यायला. गिळलं. ग्लासात बघितलं. टेबलावरच्या एकेका माणसाकडे बघितलं आणि माझ्यापाशी येऊन थांबला.

बाबा डोळे मिटून, ‘ओकच्या लाकडाचा वास येतोय.’

आई म्हणाली, ‘अहो, मला तर आपल्या कोकमासारखं लागतंय.’

‘सुरेखा, हे फ्रेंच आहे!’

अनघाने तेवढ्यात घोट घेतला. तिचे डोळे मोठे झाले. आणि तिने डावा कान ओढला!

मी जिंकलो. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तिने दुसऱ्या हाताने निशिकांतचा हात सोडला नव्हता. आणि निशिकांत बाबांना म्हणत होता, ‘हो, बॉडी चांगली आहे.’

जेवण झाल्यावर तिने मला लिफ्टपाशी धरलं. दंडाला असा चिमटा काढला की अजून निळं आहे.

‘सारंग्या, तू कधी मोठा होणार?’ आणि मग मला घट्ट मिठीच मारली. माझी ट्यूबच पेटेना.

मग तिने सांगितलं. मनोहरकाका खूप प्यायचे. नोकरी गेली होती त्यापायी. आठ महिने झाले, सुटली आहे. एक थेंबसुद्धा नाही. निशिकांतला वाइन आणायचीच नव्हती, बाबा मागे लागले टोस्ट पाहिजे म्हणून. सासऱ्यांना कसं सांगणार? म्हणून एकच बाटली. म्हणून स्वतःच्या घरी ठेवली नाही.

‘आठ महिने,’ अनघा म्हणाली. ‘आणि आज ते सगळ्यांदेखत बुडाले असते.’

मी विचारलं, ‘तुला केव्हापासून माहीत?’

‘पहिल्यापासून. निशीने सगळ्यात आधी तेच सांगितलं.’

सहा महिने! घरात माझ्यापासून सहा महिने लपवलं. मला वाटायचं ती फोनवर गोड गोड बोलते. ती याचं बोलत होती. मला लाज वाटायला पाहिजे होती. वाटलीही. पण खरं लिहायचं तर त्याच्याखाली अजून जळतच होतं. त्यांचं गुपित केवढं मोठं, आणि आमचं काय, तर लिफ्टमध्ये नाचा.

२१ जून

निशिकांत सकाळी बुफेच्या लायनीत माझ्या मागे उभा राहिला. म्हणाला, ‘कॉर्क कसा काढलास?’

मी सांगितलं. पट्ट्यांचं.

‘भारी,’ म्हणाला. मग माझ्या प्लेटमध्ये दोन अंडी ठेवली आणि गेला. एवढंच.

आता याच्यावर जळायचं तरी कसं?

२३ जून, मंगळवार

एका दमात लिहितोय, अक्षर लागणार नाही.

काल उतरलो. काका-काकूंचं विमान आज रात्रीचं. मी दुपारी घरी जेवायला आलो तर आई खुशीत. ‘मनोहररावांना कोकम फार आवडतं रे! काल स्वतःहून मागितलं. सकाळी जाऊन एक बाटली देऊन आले. कपाटातली मागची. मला वाटलेलं ती संपत आली, तर भरलेली निघाली. बरं झालं.’

ताट तसंच टाकलं. आमच्या यिशुनहून सेंगकांगला टॅक्सी. निशिकांतला फोन केला, तो आणि काकू सेरंगूनच्या मॉलमध्ये शेवटची खरेदी करतायत. ‘आमचे बाबा घरीच आहेत, का रे?’ काही नाही म्हटलं. सिग्नलला ड्रायव्हर थांबला की मी सीटवर बुक्क्या मारत होतो. तो म्हणाला, ‘रिलॅक्स लाह, बॉय.’

काकांनी दार उघडलं. स्वयंपाकघरात गेले, मी मागे. ओट्यावर कोकमाची बाटली, झाकण उघडं. शेजारी ग्लास. काठोकाठ भरलेला. समोर स्टूल.

‘जाण्याआधी एक ग्लास प्यावं म्हटलं,’ ते म्हणाले. ‘त्या रात्री जहाजावर पहिला घोट घेतला आणि कळलं, कोकम! सुटलो म्हटलं. म्हणून तुझ्या आईकडे मागितलं. ओतलं, आणि वास आला.’

मी म्हटलं, ‘काका, माझी चूक आहे. मीच—’

‘दहा मिनिटं झाली, इथे बसलोय,’ ते म्हणाले. ‘बघतोय नुसता. बेल वाजली नसती तर माहीत नाही.’

मी बाटलीकडे हात नेला.

‘तू ओत,’ म्हणाले. ‘माझा हात नको लागायला.’

ओतलं. आधी ग्लास, मग बाटली. नळ सोडून ठेवला. त्यांनी खिडकी उघडली आणि बडीशेपेची डबी माझ्यापुढे धरली. आम्ही दोघं तिथेच उभे राहून चावत राहिलो.

मग ते म्हणाले, ‘निशीला यातलं काही नको. तो आठ महिने माझा एकेक दिवस मोजतोय. त्याला मोजू दे.’

२४ जून

गेले ते. एअरपोर्टवर काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. अनघाने बघितलं. घरी येताना एमआरटी ट्रेनमध्ये स्वतःचा डावा कान ओढून विचारलं, ‘काय केलंस रे तू? काका एवढे खूश?’

‘काही नाही,’ म्हटलं.

पहिल्यांदा. तिच्यापासून पहिल्यांदा काही लपवलं. आता कळलं ती सहा महिने अशी लांब लांब का असायची.

ही वही कोणाच्या हाती लागली तर हात जोडतो, पाया पडतो. बाटलीचं सांग खुशाल, कॉर्केजचं सांग, मला चोर म्हण. पण ती दहा मिनिटं नको. अनघालासुद्धा नको. कोणालाच सांगू नकोस. प्लीज.