वाढत्या मापाचं हेल्मेट

गुरुवार, सांजच्याला

या घरात मायं कोणी ऐकतच नाही. पोरानं नातीले गाडीसाठी हेल्मेट आणलं, तेही शाळेच्या कपड्यावानी वाढत्या मापाचं! गालापाशी माही दोन बोटं आरामात गेली. पोरगा म्हणते, "आई, मोकळं बरं वाटते." मोकळं पायजे तर टोपलं घाल म्हटलं.

याचा बापही असाच. सैल हेल्मेटात दुपट्टा कोंबून मले फटफटीवर देवरीले न्यायचा. एकदा ब्रेक दाबला, हेल्मेट डोळ्यावर आलं अन् आम्ही दोघं धानाच्या बांधीत. चिखलातून तो मले म्हणते, "तू काऊन दिसून नाही राहिली?" किती हसलो होतो!

पण तवा खाली चिखल होता. नातीच्या रस्त्यावर सिमेंट आहे. अन् ती दोन बोटं...

उद्या घट्ट मापाचं आणा. नाही आणलं तर जवाब नातीनं नाही, तिच्या बापानं द्यावा. माह्यासमोर उभं राहून.