कारंज्याची कॅसेट साफ करताना

मास्तर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागवून उपयोग नाही, हे मला कळतं. तरी रागावले आहे. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यापुढे मान वर करून बोलायची माझी छाती नव्हती. आता तुम्ही मध्येच थांबवू शकत नाही, एवढाच काय तो माझा फायदा. तेव्हा ऐका, आणि पहिल्यापासून ऐका, कारण सगळी भानगड पहिल्या मिनिटातलीच आहे.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी तुमचा मुलगा हिंगणघाटला माझ्या घरी आला. त्याच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि डब्यात आपल्या गायन पार्टीच्या कॅसेटी. "ताई, बाबाच्या स्मृतिदिनाले विहारात लावाच्या हायेत," तो म्हणाला. "पण नुसतं घूं घूं येऊन राह्यलं. नागपूरच्या स्टुडिओवाल्यानं पैसे सांगतले त मी चहा अर्धा टाकून उठलो. तुम्हाले कम्प्युटरचं जमते, तुम्हीच पाहा काही." ऑफिसात कोणाचंही मशीन अडलं की मलाच हाक मारतात, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. मी हो म्हटलं. डबा उघडल्यावर तुमच्या शर्टाला यायचा तसा कापराचा वास आला आणि खरं सांगते, त्या क्षणी मला तुमची फार आठवण आली होती.

कॅसेट टेपमध्ये घालायची, टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपला जोडायची, इथवर ठीक होतं. पुढे आवाज नीट करायला सॉफ्टवेअर लागतं, आणि त्यांचा बाजार आठवडी बाजाराच्या वर आहे. जो तो आपलाच माल चोख म्हणतो. तुम्हाला समजेल असं सांगते. आवाजाला थर असतात. खालच्या थरात ढोलकीची थाप आणि विजेची घूं घूं, मधल्यात माणसांचे गळे, वरच्यात झांजा आणि कॅसेटची सरसर. कुठला थर किती ठेवायचा ते ठरवणाऱ्या बटणांना इक्वलायझर म्हणतात. आपल्या माइकवाल्याच्या डब्यावर दोन गोल बटणं होती ना, जाड आणि बारीक? तीच, पण इथे दहा नाहीतर वीस. बंद खोलीतलं गाणं असतं तर कुठल्याही सॉफ्टवेअरने काम भागलं असतं. उघड्या पटांगणातल्या कार्यक्रमात मात्र मंडपाचं कापड फडफडतं, लेकरं रडतात, जनरेटर घुरघुरतो, आणि हे सगळं गाण्याच्याच अंगाला चिकटलेलं असतं.

पहिलं घेतलं ते फुकटचं. त्यात सगळं होतं, पण बदल करायचा, थांबायचं, मग ऐकायचं, नाही पटलं तर पुन्हा मागे यायचं. दुसरं दिसायला देखणं, तयार साचे असलेलं. "लाइव्ह कार्यक्रम" असं लिहिलेलं बटण दाबलं की सगळं एका दमात चकचकीत. पण ते महिन्याच्या महिन्याला पैसे मागणारं, आणि पैसे भरेपर्यंत गाणं साठवूच देईना. मी ठरवलं, तिघाचौघांना एकच तुकडा देऊन पाहू. ज्याला तो जमेल तोच आपला. तुकडा निवडला कारंजा गावातल्या कार्यक्रमाच्या कॅसेटचा, अगदी पहिलं मिनिट, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीचं. त्यात गाणं नाही, म्हणजे माझं मन गाण्यात गुंतायचं नाही, आणि खोड्या सगळ्या एकत्र: माइकवाल्याचं हॅलो हॅलो, ढोलकी सुरात लावणारी हातोडी, तुमच्या पेटीचा काळी चारचा सूर, आणि त्याखाली कोणीतरी पुटपुटतंय.

ते मिनिट टेपवर का आलं, ते तुम्हालाच ठाऊक. तुमची रीत होती ती. एकदा टेप चालू करायला विसरलात आणि पहिलं गाणं हुकलं, तेव्हापासून पेटीसमोर बसल्या बसल्या आधी टेपचं बटण दाबायचात आणि टेप मांडीला लावून ठेवायचात. कोणाला हात लावू द्यायचा नाहीत. टेपसुद्धा तुमचं गाणं तुमच्याच बाजूने ऐकायचा.

आता कारंज्याच्या आधीचं सांगते, तुमच्या बाजूनं तुम्ही कधी सांगितलं नसेल म्हणून. मी सतरा वर्षांची. आईसोबत शेतात निंदायला जायची आणि संध्याकाळी तुमच्याकडे शिकायची. शाळेत तुम्हीच शिकवलं होतं, गाणंही तुम्हीच शिकवलं, तेव्हा माझा गळा म्हणजे तुमचीच मिळकत, असंच मी धरून चालले होते. वडनेरला जयंतीच्या कार्यक्रमात तुम्ही मला पहिल्यांदा पुढच्या माइकवर एक गाणं दिलंत. लोकांनी ते तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा म्हणताना मी तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही पेटीकडे पाहत होतात. मला वाटलं, भरून आलं असेल.

पुढचा कार्यक्रम कारंज्याचा, हायवेच्या कडेला मोठं पटांगण. मी तेच गाणं म्हटलं, जीव तोडून म्हटलं, आणि समोर काहीच झालं नाही. मागच्या बाया आपापसांत बोलत राहिल्या. माझा आवाज माझ्या तोंडापाशीच पडतोय, असं मला तिथेच बसून जाणवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या घरी आले. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसला होतात, काकू चुलीवर भाकरी टाकत होत्या. तुम्ही मला आवाज न चढवता सांगितलंत, "पाय पोरी, गळा गोड हाय तुहा, पण त्याले वजन नाई. खोलीत चालते, मैदानात नाई चालत. काल तूच पाह्यलं." काकू तव्याकडेच पाहत म्हणाल्या, "वडनेरले त चांगली म्हणली होती तिनं." तुम्ही म्हणालात, "तुले गाण्यातलं काय समजते?" मग आत गेलात आणि पितळेच्या झांजांची जोडी आणून माझ्या ओंजळीत ठेवलीत. नवी कोरी, वर्ध्याहून आणलेली. "कोरसात बस. ताल तुहा पक्का हाय." मी तुमच्या पाया पडले, मास्तर. रडत रडत पाया पडले, कारण एवढं तोंडावर खरं सांगणारा माणूस मला भेटला होता.

दोन महिन्यांनी रेडिओच्या आवाज-चाचणीचं बोलावणं आलं. अर्ज वडनेरच्या कार्यक्रमानंतर आईनेच कोणाकडून तरी लिहून पाठवला होता. मी कागद घेऊन तुमच्याकडे धावले. तुम्ही वाचलात, घडी घालून परत दिलात. "जाशीन त जा. पण कारंज्यात काय झालं ते ध्यानात ठेव. तिथं हासू करून घेऊन येशीन." आई म्हणाली, "काऊन नाई जात व? गाडीभाडं देतो ना मी." मी गेले नाही. कारंज्याचं मी माझ्या कानांनी अनुभवलं होतं, त्यावर वाद कसला घालायचा? पुढे नोकरी लागली, लग्न झालं, झांजाही सुटल्या. विहारात वंदनेला मी आजही नुसते ओठ हलवते. नवऱ्याला वाटतं माझा घसा नाजूक आहे.

तिसरं सॉफ्टवेअर छोटंसं निघालं. एकदाच काय ते पैसे भरायचे, एका बऱ्या साडीचे, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर न कुरकुरता चाललं. त्याचा मोठा गुण असा की आवाज चालू असतानाच बटण सरकवायचं आणि लगेच फरक ऐकायचा. रविवारची दुपार होती, नवरा बाहेर गेला होता, मी कानाला हेडफोन लावून तेच मिनिट फिरवून फिरवून लावत होते. विजेची घूं घूं खाली ओढली. ढोलकी खाली ओढली. मधलं एक बटण थोडं वर नेलं. आणि ते पुटपुटणं म्हणजे तुम्ही निघालात, मांडीजवळच्या टेपच्या अगदी तोंडापाशी.

"पोरीचा माइक कमी करून ठेव."

माइकवाला म्हणतो, "मास्तर, मंग तिचं समोर काहीच नाई जाणार."

"नको जाऊ दे. वडनेरले पाह्यलं ना, मले कोणी आयकूनच नाई राह्यलं. दहा गावात असा आवाज नाई तिचा. पण पार्टी माही हाय."

मग ढोलकीवर दोन टोले, तुमचं खोकणं, आणि पेटी सुरू.

पंधरा-वीस वेळा लावलं. माझी ऐकण्यात चूक होत असेल म्हणून बटणं सगळी जागेवर आणून पुन्हा पहिल्यापासून केलं. बाकीच्या दोन सॉफ्टवेअरांतही घालून पाहिलं. तिघांनीही तेच सांगितलं. तुम्ही मला फसवलंत, मास्तर. दुसऱ्या कोणी माइक दाबला असता तर मी आठ दिवस शिव्या देऊन विसरले असते. तुम्ही आधी माइक दाबलात आणि मग त्याच दाबलेल्या आवाजाचा दाखला देऊन मला शहाणं केलंत. आणि वर झांजा दिल्यात. तुम्ही हेवा केलात म्हणून मला एवढं लागत नाही, हेवा माणसाला होतो. मी तुमच्या पाया पडत असताना तुम्ही पाय मागे घेतले नाहीत, याचा मला संताप येतो.

तुमचा मुलगा फोन करून विचारत होता, झालं का, झालं का. मी त्या आठवड्यात एक पाप करून पाहिलं. माझं कारंज्यातलं गाणं लावलं, मागे तुमची साथ होतीच, आणि तुम्हाला खाली ओढायला बसले. तुम्ही मला केलंत तसंच. पण इक्वलायझरला माणूस ओळखता येत नाही, त्याला थरच कळतात. तुमचा आणि माझा गळा एकाच थरात बसलेला. तुम्हीच बसवलेला होता ना तो, उच्चारासकट, हरकतीसकट. तुम्हाला कमी केलं की मीही कमी होत गेले. शेवटी दोघांनाही होतं तिथेच ठेवलं आणि फक्त घूं घूं काढली.

स्मृतिदिनाला विहारात गाणी लावली. मी प्रत्येक कॅसेटचं पहिलं मिनिट कापून दिलं होतं, कारंज्याचंही. गाणी स्वच्छ निघाली होती, लोक शेवटपर्यंत बसले. काकू पुढच्या खुर्चीवर पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. त्यांच्याकडे पाहून मी काही बोलणार नाही हे पक्कं झालं. तुमचा मुलगा येऊन म्हणाला, "ताई, बाबाचा आवाज काय निघाला. अन् मांगचा कोरसही साफ येऊन राह्यला." मी म्हटलं, हो, सॉफ्टवेअर चांगलं मिळालं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे. पण एक गोष्ट तुमच्यापाशी कबूल करते. ते कापलेलं मिनिट मी पुसलेलं नाही, मोबाइलमध्ये ठेवलं आहे. ऑफिसातून परत येताना बसमध्ये लावते. माइक कमी करायचं बोलणं येतं ते सोडून देते, पुढे नेते, आणि तुम्ही दहा गावांचं बोलता तेवढंच ऐकते. इतक्या वर्षांत तुम्ही माझं कौतुक केलेलं दुसरं कुठे नाही.