हरिसिंगचा चहा

कारंजा, माघ महिना

प्रिय सोजर,

तू धनजला माहेरी सुखरूप पोचलीस आणि मुलगी झाली, हे सुगराबीकडून कळलं. बांगड्या भरायला ती तुमच्या गावी येते, म्हणून हे पत्र तिच्याच हाती देतेय. तिला वाचता येत नाही, तेवढं बरं.

तू गेलीस आणि आपल्या कापसाच्या जिनातलं सगळं फिरलं. दिवेलागण झाल्यावर आम्ही मशिनीत कापूस घालत होतो, तेवढ्यात सरकारी इन्स्पेक्टर न सांगता आत आला. सात वाजल्यानंतर कारखान्यात बाई कामावर नको, असा म्हणे कायदाच आहे. आपल्याला तो कधी कुणी सांगितला होता? शेठवर खटला झाला. आता उजेडातच फाटक उघडतात, दुपारची भाकरी बसून खाता येते.

आनंद व्हायला हवा, पण होत नाही. अर्ज गेल्याशिवाय इन्स्पेक्टर येत नसतो, असं मुकादम हरिसिंग येता-जाता ऐकवतो. तेव्हापासून बाया एकमेकींसमोर जपून बोलतात. प्रयागबाई माझ्याशेजारी जेवायला बसत नाही. मलाही तिचा संशय येतो. हल्ली शेठच्या घरी तिच्या फेऱ्या वाढल्यात.

परवा हरिसिंगनं मला ऑफिसात बोलावून खुर्ची दिली, चहा पाजला. तुला मशिनीजवळ चक्कर आली तेव्हा पायानं ढोसून उठवणारा हाच माणूस, मला ‘ललिताबाई’ म्हणत होता.

“अर्ज कोनं केला, तेवढं नाव पाह्यजे. पुढच्या हंगामात बायांची मुकादमीन तुलेच करतो.”

मी म्हटलं, मले काय मालूम.

तो हसला. “तुले नसन, सोजरले असन. ते तुह्याशी खोटं नाई बोलत.”

जायच्या आदल्या दिवशी तू, लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या शाळामास्तरांच्या ओट्यावर बसलेली मला दिसली होतीस. मी तेव्हा विचारलं नाही, आजही विचारत नाही.

आता कामाचं ऐक. पोस्टानं तुला माझ्याच अक्षरातलं दुसरं पत्र येईल. ते हरिसिंगनं समोर बसून लिहून घेतलंय. अर्ज कुणी केला, हे त्यात मी फार गोडीनं विचारलंय, आणि तुझं उत्तर आधी तोच फोडणार. त्यात लेकीचं लिही, तिचं नाव काय ठेवलं ते लिही, दुसरं काही नको. खरं काय ते सुगराबीच्या हातीसुद्धा मला कळवू नकोस. मुकादमीनचा पगार मोठा आहे सोजर, आणि माझा माझ्यावर तेवढा भरवसा नाही.

तुझीच,
ललिता