तीन विमानांतलं एक

रत्नागिरी,
१४ सप्टेंबर १९८६

प्रिय मैना,

तुझं पत्र परवा मिळालं. आईने दोनदा वाचलं, तिच्या हातून घेऊन मी चारदा. नऊ वर्षांत पहिल्यांदा तू मला उद्देशून काही विचारलंस, आणि तेही काय, तर डिसेंबरात चौघांनी यायचं झालं तर कोणत्या कंपनीचं विमान धरावं! एसटी, आगगाडी आणि आगबोट यांपलीकडे ज्याने कशात पाऊल ठेवलं नाही, त्याला हा प्रश्न. पण विचारलंस ना, मग मी अभ्यास केल्याशिवाय उत्तर देणार नाही.

काल बाजारपेठेत तिकिटं काढून देणाऱ्या गृहस्थांकडे गेलो. अकरा प्रश्न कागदावर लिहूनच नेले होते. ते एकेक प्रश्न वाचून उत्तरं देत गेले, पण इतक्या मोठ्याने, की रस्त्यावरची माणसं थांबून आत डोकावू लागली. त्यांच्या मते आखातातली कंपनी सर्वांत स्वस्त, पण मधल्या विमानतळावर आठ तास बाकड्यावर काढायचे. युरोपातली ऐसपैस, जेवण उत्तम, पण चौघांच्या तिकिटांत तुमची वर्षाची शिल्लक जाईल. तिसरी आपल्या देशाची. दर दोहोंच्या मधला, लंडनला थोडं टेकून त्याच विमानाने पुढे मुंबई.

तेवढ्यावर माझं समाधान होईना, म्हणून संध्याकाळी धाकू मयेकराला गाठलं. तुला आठवत असेल, पूर्णगडचा धाकू. जन्म बोटीवर गेला त्याचा. परदेशी बंदरात जहाज धरायला कंपनी त्याला विमानाने पाठवायची, त्यामुळे आपल्या आळीत विमानातला जाणकार तोच. तो म्हणाला, पोरांना खिडकी द्या, उतरताना कान दुखतात तेव्हा चघळायला काहीतरी जवळ ठेवा, आणि बूट काढून झोपू नका. पाय सुजतात. एकदा तो रॉटरडॅमला बूट हातात घेऊन उतरला होता, बर्फात! शिवाय विमानात पुढे श्रीमंतांची जागा असते आणि मधे पडदा असतो, हेही त्याच्याकडून कळलं. पडदा! आकाशात नेऊनही माणसाने माणसाला मागे बसवलंच. यावर मी पूर्वी दीड तास बोललो असतो. धाकू हसून म्हणाला, "नाना, तीस वर्षांत पहिल्यांदा तुमच्यापुढे माझं वाक्य पुरं झालं बघा!" 

आता तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीकडे येतो. "नाहीतर यंदा राहू दे, मुलांना समुद्रच दाखवायचा तर फ्लोरिडा जवळ पडेल." मैना, समुद्र? आरे-वाऱ्याच्या पुळणीवर तुझ्या फ्रॉकच्या खिशात कुर्ल्या सापडल्या होत्या आणि तू त्या घरी आणून तांदळाच्या डब्यात सोडल्या होत्यास, तो समुद्र तुझ्या मुलांना फ्लोरिडात कोण दाखवणार? पण मला कळतं, ती ओळ समुद्राबद्दल नाही. विमानाबद्दलचं पत्रसुद्धा विमानाबद्दल नाही. तू विचारते आहेस, मी यावं का.

तुला तसं विचारावं लागतं, हा अपराध माझा. सत्त्याहत्तर सालचा तो एसटी स्टँड मी विसरलेलो नाही. आई नारळ हातात घेऊन उभी होती. पोर सातासमुद्रापार निघालीय, गाऱ्हाणं घाला, म्हणत होती. मी म्हटलं, तुझ्या देवाला माझ्या आवाजाची गरज नाही. आणि मग तोच आवाज तुझ्यावर सोडला. गरिबांच्या पैशावर शिकलेली पोरं श्रीमंतांच्या दारात राबायला जातात, अशांनी पुन्हा तोंड दाखवू नये, असं बरंच काही. कंडक्टरने घंटी मारायची थांबवली होती. गर्दीतून कुणीतरी टाळी वाजवली आणि मला, तुझ्या बापाला, ती टाळी आवडली. तू खिडकीतून बघत होतीस. मुलं देश सोडून जातात याबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. पण मत सभेत मांडायचं असतं. खिडकीत बसलेल्या मुलीला "पोचल्यावर पत्र टाक" एवढंच म्हणायचं असतं.

आता जे सांगण्यासाठी लिहायला बसलो ते. वर्षभर तुझा फोन आला की आई म्हणते, नाना सभेला गेलेत. ती खोटं बोलते, कारण मी तिला शपथ घातली आहे. मी कुठेही गेलेला नसतो. तिच्या शेजारी, त्याच रिसीव्हरला कान लावून उभा असतो. गेल्या दिवाळीत मुंबईला माझ्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, धोका टळला, डॉक्टर समाधानी आहेत. पण गाठीबरोबर स्वरयंत्रही गेलं. आता पाटी-पेन्सिल खिशाला, म्हणजे खांद्याच्या पिशवीत. काही लोकांना वाटतं मी बहिराही झालो, म्हणून ते ओरडतात. तुला कळवलं नाही, कारण तू कीव येऊन यावंस असं वाटत नव्हतं. पण माझं गप्प राहणं तुला राग वाटतं आहे, आणि तेवढ्यासाठी तू फ्लोरिडाला जाशील, हे सोसवेना.

तेव्हा तिसरं विमान धर. स्वदेशी म्हणून नव्हे. पोरांना बाकड्यावर आठ तास काढावे लागू नयेत म्हणून, आणि ते आठ तास माझ्या वाट्याला यावेत म्हणून. आईने नारळ आत्ताच सांगून ठेवला आहे. गाऱ्हाणं मी लिहून दिलंय, धाकू घालील. देवावर माझा विश्वास नाही, पण तुझ्या आईवर आहे. विमानतळाबाहेर कठड्याशी माणसं नावांच्या पाट्या घेऊन उभी असतात म्हणे. त्या गर्दीत हाकेची वाट बघू नकोस, मैना. पाट्या वाचत ये. एकीवर खडूने तुझं नाव असेल.

तुझाच, वाट बघणारा,
नाना