छातीच्या हाडामागची गाठ

आबा, तुमच्या छातीत काय होतं ते आता मला सांगता येतं. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची छोटी ग्रंथी असते. गाठ तिथली होती. ती फार थोड्यांना होते, आणि आपल्यासारख्या घरांत तिचा धोका आईबापाकडून मुलांत उतरतो.

तुम्ही भोर डेपोत ड्रायव्हर, वेल्ह्याची एसटी तुमच्याकडे. मुतखड्याची कळ आली की गाडी कडेला घ्यायचात, असं कंडक्टर सांगायचे. घरी आई चुलीवर कुळीथ उकळते आहे आणि तुम्ही उभ्यानंच ते पाणी पिताय. आत्यालाही खडे, काकांच्या पोटात व्रण. हे मी शेजारी बोलून गेले, तेव्हा तुम्ही हाताला धरून मला आत आणलंत. "घरातलं दुखणं भाईर सांगायचं न्हाई. उद्या तुला स्थळं कशी येतील?" पुढे छातीच्या दुखण्यासाठी पुण्याला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला काही आहे का? तुम्ही म्हणालात, "न्हाई, समदे ठणठणीत हायेत." मी शेजारी बसले होते, गप्प राहिले. वर्षाच्या आत तुम्ही गेलात.

चाळिशी उलटल्यावर मलाही खडे झाले. दवाखान्यात तोच प्रश्न आला आणि या वेळी मी सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं, म्हणाल्या, "पुन्हा पहिल्यापासून सांगा." मग ज्यांच्यामुळे खडे होत होते त्या माझ्या मानेतल्या ग्रंथींचं ऑपरेशन झालं, रक्ताच्या तपासणीत घराण्यातला दोष सापडला: खडे, व्रण, गाठ, सगळ्यांमागे तो एकच. धाकटा भाऊ तपासणीला यायला तयार नव्हता. "मला कुठं काय व्हतंय?" मी नसरापूरला जाऊन त्याला गाडीत बसवूनच आणलं. त्याच्या छातीत तुमचीच गाठ निघाली, पण सुपारीएवढी. ती काढून अकरा वर्षं झाली. दरवर्षी कुरकुरत तपासून येतो आणि शेती बघतो. माझ्या मुलीतही तो दोष आहे. लग्नाआधीच तिनं होणाऱ्या नवऱ्याला सांगून टाकलं. आता तपासणीच्या तारखा तोच लक्षात ठेवतो. स्थळांचं तुमचं भय खरं नव्हतं, आबा.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक लिहिते. गाठ वाढून छातीतली मोठी शीर दाबते तेव्हा तोंड सुजतं, हे मला परवा कळलं. त्या शेवटच्या हिवाळ्यात तुमचे गाल भरलेले बघून मला आनंद झाला होता. "आबा, तुमी बरे दिसताय," मी म्हणाले, आणि तुम्ही हसून "व्हय" म्हणालात. हे मी भावालासुद्धा सांगितलेलं नाही.