बद्द वाजणारी चौकट

सिडको, नाशिक
२१ एप्रिल २०२५

चि. निकिता,

सासूचा आशीर्वाद आधी घे, राग नंतर कर. फोनवर तू "बरं" म्हणतेस, मी "ठेवते" म्हणते आणि बोलणं संपतं, म्हणून लिहायला बसले. आम्ही ठीक आहोत. तुझा सोमनाथ अंबडला कंपनीत जातो, आल्यावर गप्प जेवतो. चांदवडला तुझ्या आईबाबांची तब्येत कशी आहे? रुद्रची पाडव्याची साखरेची गाठी डब्यात जपून ठेवली आहे, मुंगी शिवू दिलेली नाही.

मुख्य बातमी म्हणजे हॉलची खिडकी बदलली. जुनी लाकडी गेली, ॲल्युमिनियमची सरकती आली. आतून ग्रिल आहे, पण ती चौकटीलाच जोडलेली. म्हणजे चौकट ढिली असेल तर ग्रिल नावापुरतीच. आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो, हे मी फिटरला तीनदा सांगितलं.

हिरामण त्याचं नाव. तोंडाचा गोड आणि हाताचा भलताच घाईचा. मी चहा टाकायला आत गेले, तेवढ्यात दोन्ही बाजूंना सिलिकॉन फासून मोकळा! त्याखाली स्क्रू आहेत की नाहीत, कोणाला दिसणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. "मावशी, लय पक्कं बसलंय, हत्ती टांगा," म्हणाला. मी म्हटलं, "हत्ती नको, माझा नातू तिथे उभा राहतो."

तो गेल्यावर मी माठ वाजवून घेतात तशी चौकट बोटाने वाजवून पाहिली. उजवी बाजू छान खणखणीत. डावी बद्द. बद्द वाजणारा माठ आपण कधी घरात आणतो का? दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याला बोलावलं आणि डावीकडचं सिलिकॉन माझ्यासमोर खरवडायला लावलं.

स्क्रू होते. तीनच्या तीन, भिंतीत घट्ट.

तो हसायला लागला. "मावशी, माठ येगळा, चौकट येगळी. भिंतीला धरलंय म्हनून बद्द वाजतंय. खणखण वाजलं तर आत पोकळ समजायचं."

"मग उजवी का रे खणखण वाजते?"

त्याचं हसू तिथेच थांबलं. मान खाली घालून उजवी बाजू खरवडली, तर तीनपैकी एकच स्क्रू. म्हणे ड्रिलचा बिट तुटला होता, उद्या येऊन टाकणारच होतो. उद्या येणार होता तर वर सिलिकॉन कशाला फासलं? मी स्टूल ओढून समोर बसले आणि उरलेले दोन्ही स्क्रू आत जाईपर्यंत उठले नाही. आता चौकट सगळीकडून बद्द वाजते. सोमनाथने ग्रिल दोन्ही हातांनी ओढून पाहिली, हलली नाही.

तू म्हणशील, आईंचा संशय खरा निघाला. निघाला गं, पण मी आधी भलतीच बाजू खरवडली. तेव्हापासून मला चैन नाही, कारण जुन्या खिडकीच्या बाबतीतही मी तेच केलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी रुद्र दिवाणावर चढून खिडकीबाहेर अर्धा गेला होता. मी पाय धरला म्हणून वाचला. ग्रिल रंगवायला काढलेली होती, हे खरं. पण कडी गंजून आपोआप निखळली, असं मी तुला सांगितलं. निकिता, कडी चांगली होती. मिरच्यांचं ताट उन्हात ठेवायला मीच ती काढली आणि परत लावायला विसरले. "आई, कडी लावली होती ना?" असं तू पुन्हा पुन्हा विचारलंस, आणि माझ्यावर संशय घेतेस म्हणून मी तुझ्यावरच ओरडले. तू बॅग भरलीस ती खिडकीमुळे नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. मला भीती वाटली गं. खरं सांगितलं तर रुद्रला पुन्हा माझ्याजवळ ठेवणार नाहीस, याची. आणि लाजही वाटली.

जुनी खिडकी भंगारवाल्याने नेली. कडी तेवढी मी काढून ठेवली होती, ती या पाकिटात घातली आहे. उन्हात धरून बघ, कुठे गंज दिसतो का.

रुद्रला माझ्याजवळ ठेवायचं की नाही, ते तू ठरव, मी एका शब्दाने बोलणार नाही. नवी खिडकी मी वाजवून घेतली आहे. मला मात्र तूच वाजवून घे.

कडी विसरलेली,
तुझी आई