सृष्टीच्या नोकरीविरुद्ध मीच केलेली तक्रार

प्रति,
मा. जिल्हा दिव्यांग सक्षमीकरण अधिकारी,
सातारा.

अर्जदार : नायब सुभेदार (निवृत्त) आकाराम विठोबा भोईटे, ता. फलटण, जि. सातारा.

विषय : माझी मुलगी कु. सृष्टी, वय २१, हिला रोपवाटिकेत कामावर ठेवल्याबद्दल मीच केलेली तक्रार मागे घेणेबाबत.

संदर्भ : १) माझा तक्रार अर्ज, दि. २० जानेवारी २०२५.
२) गुरुवार, दि. २० फेब्रुवारी रोजी प्रत्यक्ष पाहणी करण्याबाबतचे आपले पत्र, दि. १० फेब्रुवारी २०२५.
३) आपल्या कार्यालयाशी फोनवर झालेले बोलणे, दि. १४ फेब्रुवारी २०२५.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करतो की, माझी तक्रार मागे घेण्याची परवानगी मिळावी. आपल्या कार्यालयातील लिपिकांनी मला फोनवर सांगितले, "मागे घ्या, पण कारण सविस्तर लिहा. नुसतं 'गैरसमजातून' लिहू नका, सगळे तेच लिहितात." त्यांचे म्हणणे रास्त आहे. शिवाय माझ्या बाबतीत गैरसमज असा काही नव्हताच. जे केले ते मी पूर्ण विचारांती व तीन प्रतींत केले. म्हणून कारण सुरुवातीपासून सादर करतो.

१. मी भारतीय सैन्यात सव्वीस वर्षे सेवा केली. सृष्टी जन्मली तेव्हा मी सीमेवर होतो. तिला डाऊन सिंड्रोम आहे हे माझ्या पत्नीने, सौ. मंगल हिने, मला पत्राने कळवले आणि मुलीचे तोंड मी प्रथम पाहिले ते ती पाच महिन्यांची झाल्यावर. ती पाच महिन्यांची गैरहजेरी मी निवृत्तीनंतर भरून काढायचे ठरवले व घरी येताच मुलीचा चार्ज स्वतःकडे घेतला. तिची वेणी मी घालत असे. बुटाची नाडी मी बांधत असे. भाकरी मी कुस्करून देत असे. ती एकवीस वर्षांची होईपर्यंत हे चालू होते. तिला या गोष्टी येतात का, हे मी कधी विचारले नाही.

२. अठरा पूर्ण झाल्यावर तिची विशेष शाळा संपली. शेवटच्या दिवशी बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले, "आता हिच्यासाठी काहीतरी काम बघा. घरी बसवू नका." मी म्हणालो, "मला पेन्शन आहे." त्यानंतर चार महिने सृष्टी रोज सकाळी दप्तर भरून दारात उभी राहायची. मग मी दप्तर माळ्यावर टाकले. मंगल त्या दिवशी माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलली. सृष्टी तीन वर्षे टीव्हीसमोर बसली. ती सुरक्षित होती, याबद्दल मी समाधानी होतो.

३. गेल्या डिसेंबरात मी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याला गेलो. परत यायला बारा दिवस लागले. घरी आलो तर टीव्ही बंद, मुलगी गायब आणि मंगल शांतपणे मेथी निवडत बसलेली. त्या वेळचे संभाषण जसेच्या तसे देत आहे.

"सृष्टी कुठाय?"

"कामाव गेली."

"कसल्या कामाव?"

"रुक्सारच्या नर्सरीत. उसाचं डोळं लावायला."

"कुणाच्या परवानगीनं?"

"तिच्या. आवं, एकवीस वर्साची हाय ती."

सदर रुक्सार म्हणजे कै. नियाज बागवान यांची मुलगी. नियाजभाईंचे फळांचे दुकान होते. रुक्सारने कालव्यापलीकडे उसाची रोपवाटिका काढली आहे. मंगल तिथे शेतासाठी रोपे सांगायला गेली असता सृष्टी सोबत होती. मंगलचे बोलणे होईपर्यंत सृष्टीने न सांगता उसाचे डोळे, म्हणजे कोंब फुटणारे कांडीचे तुकडे, लावून एक ट्रे पूर्ण केला. रुक्सारने तो ट्रे पाहिला आणि विचारले, "उद्या येतीस का?" सृष्टी म्हणाली, "किती वाजता?" नेमणूक एवढ्यावर झाली.

४. यावर मी आपणाकडे तक्रार केली. त्यातील मुद्द्यांची आजची वस्तुस्थिती अशी. 'खोल पाण्याच्या हौदाजवळ काम करवून घेतात' असे मी लिहिले होते. हौद माझ्या गुडघ्याइतका असून तो झाकलेला असतो. 'भर उन्हात राबवतात' असे लिहिले होते. तेथे हिरव्या जाळीची सावली आहे, माझ्या घरच्या ओसरीपेक्षा थंड. 'धारदार यंत्र हाताळण्यास भाग पाडतात' हेही लिहिले होते. उसाचा डोळा काढण्याचे यंत्र फक्त तेथील जुन्या कामगार हरणाबाई चालवतात व त्या त्याला स्वतःच्या सुनेलाही हात लावू देत नाहीत. महोदय, तक्रार लिहिताना मी ती जागा पाहिलेलीच नव्हती. मला फक्त भीती दिसत होती व तिचेच मी तपशीलवार वर्णन केले.

५. तक्रार दिल्यावर पुरावा हवा म्हणून मी टेहळणी सुरू केली. दि. २३ जानेवारी रोजी सकाळी साडेआठ वाजता, लष्करी ठिपक्यांचे जाकीट घालून, रोपवाटिकेलगतच्या उसात मी जागा घेतली. सोबत पाण्याची बाटली व दुर्बीण होती. पाऊण तास सर्व ठीक चालले. मग उसाचे पान कानात गेले म्हणून मी हललो. यंत्रावर बसलेल्या हरणाबाईंना उसात ठिपके दिसले.

"बिबट्या! आगं बया, बिबट्या!"

पुढील पाच मिनिटांत शेजारच्या वस्तीवरून काठ्या घेऊन माणसे आली. कोणीतरी वनविभागाला फोन केला. मी बाहेर यावे असे मला फार वाटत होते, परंतु आधी ढेकूळ येईल की काठी, याचा अंदाज येत नव्हता. तासाभराने वनविभागाचे कर्मचारी जाळे घेऊन उतरले. तेवढ्यात उसाच्या तुऱ्याची धूळ नाकात जाऊन मी दोनदा शिंकलो. गर्दी मागे सरली. एकटी सृष्टी पुढे आली. ती हात कमरेवर ठेवून म्हणाली, "बिबट्या न्हाई त्यो. पप्पा हायत. पप्पा दोनदाच शिंकत्यात."

मी बाहेर आलो. लोक हसले हे नमूद करणे आवश्यक आहे. सृष्टी हसली नाही. "पप्पा, माझी ड्यूटी चालू हाय," एवढे बोलून ती आपल्या ट्रेकडे गेली. 'ड्यूटी' हा शब्द तिने माझ्याकडूनच उचलला असावा.

६. रुक्सार माझ्यावर चिडेल असे वाटले होते. तिने खुर्ची मागवली. म्हणाली, "काका, बघायचंच हाय तर जाळीखाली बसून बघा. च्या घ्या. उसात कापून घेऊ नका." त्यानंतर वीस दिवस मी त्या खुर्चीत बसलो. तिचा चहा रोज घेतला. माझी तक्रार आपल्या कार्यालयात पोहोचलेली आहे, हे मात्र मी तिला सांगितले नाही. सैनिक अर्ज मागे घेत नाही, असे मी स्वतःला समजावत होतो. खरे तर मला लाज वाटत होती, आणि भीतीही अजून गेली नव्हती.

७. या वीस दिवसांत जे पाहिले ते असे. ट्रेच्या प्रत्येक कप्प्यात उसाचा एक डोळा ठेवायचा असतो आणि त्याचे तोंड वर हवे. उलटा बसला तर कोंब उशिरा येतो किंवा येतच नाही. इतर बाया भरभर लावतात, बोलत लावतात, त्यात काही उलटे जातात. सृष्टी सावकाश लावते. प्रत्येक डोळा हातात घेऊन त्याच्याकडे बघते, मग ठेवते. रुक्सार मला म्हणाली, "काका, हिच्या ट्रेवर मी खूण करत न्हाई. उगवलं की लांबनंच वळकू येतो. एक कप्पा मोकळा नसतो."

तिच्याकडून चुका झाल्या नाहीत, असे लिहिणे खोटे ठरेल. आपली ठरलेली जागा दुसरीने घेतली म्हणून ती एकदा अर्धा दिवस जमिनीवर बसून राहिली. आणि दि. ३ फेब्रुवारी रोजी मुळी फुटली का बघायला तिने एकोणीस रोपे उपटून एका ओळीत मांडली. रुक्सारने तिला चांगलेच झापले. "रोप उपटून बघत्यात व्हय? मेली की सगळी!" मी खुर्चीतून उठलो. म्हणालो, "रुक्सार, तिला समजत न्हाई. तिला बोलू नको."

सृष्टी माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज माझ्यापेक्षा स्थिर होता. "मला समजतं. चूक माझी हाय. पप्पा, तुमी मधी येऊ नका."

त्या दिवशी उशिरापर्यंत थांबून तिने एकोणीस कप्पे पुन्हा भरले. महोदय, मी सव्वीस वर्षांत अनेक जवानांना चुकीबद्दल उभे केले आहे. इतक्या सरळपणे चूक कबूल केलेले थोडे आठवतात. त्यांत मी स्वतः नाही.

८. दि. १२ फेब्रुवारी रोजी आपले पत्र रोपवाटिकेत पोहोचले. रुक्सारने ते वाचले, खालचे तक्रारदाराचे नाव वाचले, मग माझ्या हातातल्या कपाकडे बघितले. ओरडली असती तर बरे झाले असते. ती म्हणाली, "माझी सगळी कागदं नीट हायत, काका. पाहणीला मी भीत न्हाई. पण उद्या हिला नुसती ठेच लागली तरी तुमी माझ्यावर कागद घालणार. मग मी हिला कशाच्या जिवावर ठिऊ? मिटंपर्यंत घरी बसू द्या."

सृष्टी तेव्हापासून घरी आहे. रोज सहाला उठते, स्वतः वेणी घालते, डबा भरते आणि बूट घालून पायरीवर बसते. माझ्याशी बोलत नाही. परवा एकदाच बोलली.

"पप्पा, माझी तक्रार का केली?"

"तुझी न्हाई गं. त्यांची केली."

"काम माझं हाय. मग तक्रार माझीच की."

हा मुद्दा मी जसाच्या तसा आपणासमोर ठेवतो.

९. तरी विनंती की, सदर तक्रार निकाली काढावी. गुरुवारची पाहणी करावयाचीच असल्यास अवश्य यावे, मात्र ती माझ्या खोटेपणाची पाहणी समजावी व श्रीमती रुक्सार बागवान यांच्या नावापुढे कोणताही शेरा राहू नये. तसेच यापुढे सृष्टीच्या कामासंबंधी जो पत्रव्यवहार होईल तो 'पालक' म्हणून माझ्या नावे न करता थेट तिच्या नावे करावा. तिला मराठी वाचता येते. वेळ लागतो, पण ती पूर्ण पत्र वाचते. परवा माझ्या तक्रारीची स्थळप्रत वाचायला तिला सव्वा तास लागला आणि तिने त्यातील 'मतिमंद' या शब्दाखाली पेनाने रेघ मारून मला विचारले, "हे कोण?" तो शब्द मी याद्वारे परत घेतो.

लिपिकांनी संबंधित व्यक्तीचा जबाबही मागितला होता. तो तिने स्वहस्ते लिहून दिला असून सोबत जोडला आहे. मी त्यातले एक अक्षरही दुरुस्त केलेले नाही. तसा प्रयत्न केला असता तिने कागद काढून घेतला.

आपला नम्र, व यापुढे तक्रार नसलेला,

(सही)
आकाराम विठोबा भोईटे
नायब सुभेदार (निवृत्त)
दि. १६ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) मूळ तक्रारीची स्थळप्रत (रेघेसह).
२) कु. सृष्टी हिचा जबाब, एक पान : "मी सृष्टी भोईटे. मला डोळे लावायला येतात. रुक्सारताई रागवते पण चांगली हाय. पप्पानी चूक केली. त्याना रागवू नका मी रागवले आहे."
३) वनविभागास दिलेल्या माझ्या खुलाशाची प्रत. दि. २३ जानेवारीचा प्राणी मीच होतो, हे त्यात मान्य केले आहे.

ताजा कलम : हा अर्ज पाकिटात घालण्यापूर्वी आज दुपारी मी तो रोपवाटिकेत नेऊन रुक्सारला वाचायला दिला. तिने उभ्यानेच वाचला. बिबट्यापाशी हसली, पुढे मग हसली नाही. कागद परत देताना म्हणाली, "उद्या नऊला पाठवा. खुर्ची मात्र मी आत नेऊन ठेवलीय, काका."

घरी येऊन सृष्टीला हे सांगितले. चार दिवसांनी ती माझ्याशी नीट बोलली. मी विचारले, "उद्या सोडायला येऊ का?" तिने एखादा डोळा हातात धरून बघावा तसे माझ्याकडे बघितले. मग तिने निर्णय दिला. मला कालव्याच्या पुलापर्यंत येण्याची परवानगी आहे. पुलाच्या पुढे नाही.

मी ती अट मान्य केली आहे.